मागच्या सीटचं माप

सासूबाई पांढऱ्या गाडीच्या मागच्या सीटवर चढल्या. आधी न वाकणारा उजवा पाय आत गेला, मग हळूहळू बाकीच्या त्या. पाय सीटवरच आडवा, सरळ लांब केला. पाय मावला. जुन्या गाड्या विकणाऱ्या गाडीवाल्याने पाहिलं, मुलाने पाहिलं, सुनेने तर देवाचं नाव घेऊन पाहिलं. मग सासूबाईंनी पिशवीतून ती दोरी काढली.

दोरीचं एक टोक त्यांनी सीटच्या पाठीला टेकवलं आणि दुसरं समोर ताणलं. दोरीला मध्ये एक गाठ होती. गाठीच्या आधीच पुढची सीट आडवी आली.

"कमी आहे," त्या म्हणाल्या आणि उतरायला लागल्या. उतरायलाही तेवढाच वेळ लागला.

सून तिथेच टायरांच्या चळतीवर बसली. आठवड्यातली तिची ही एकुलती एक सुट्टी. बाकीचे दिवस ती औषधांच्या दुकानात काउंटरमागे उभी असायची, आणि त्याआधी पहाटे ओट्यापाशी. ओटा सासूबाईंच्या उंचीचा. सून ताडमाड. लग्नाच्या फोटोत फोटोग्राफरने तिला नवऱ्यापेक्षा एक पायरी खाली उभं केलं होतं. त्या ओट्यावर भाजी चिरताना ती अशी वाकायची की संध्याकाळपर्यंत कंबर सरळ व्हायचं नाव घ्यायची नाही. त्यात आता सुट्ट्याही या दोरीच्या मागे चालल्या होत्या.

लाल गाडी दोरीत बसली नव्हती. निळी बसली नव्हती. एक तर इतकी चकचकीत होती की मुलाने तिच्या आरशात बघून भांग पाडून घेतला होता. तीही गेली. गंमत म्हणजे सासूबाईंचा पाय प्रत्येक गाडीत मावत होता, नापास करायची ती दोरी. आणि पुढची सीट पार मागे सरकवल्याशिवाय त्या दोरी काढतच नसत.

सून मनातल्या मनात कुढत होती. बसमध्ये यांना सगळ्यात पुढची सीट लागते आणि गाडीत मागे ऐसपैस लागतं. जिथे जातील तिथे यांचा दरबार. सासूबाईंनी जन्मभर शिवणकाम केलेलं. मध्यंतरी त्यांनी, घरात घालायला तुला पायजमा शिवते म्हणून तिला खुर्चीत बसवून मापं घेतली होती. तो पायजमासुद्धा अजून आला नव्हता.

"आजी, अंथरूण पाहून पाय पसरावेत," गाडीवाला हसत म्हणाला.

"तेच करतेय," सासूबाई म्हणाल्या. "अंथरूण बघतेय."

मुलाची तर अडकित्त्यात सापडलेली सुपारी झाली होती. तो बायकोकडे वळला. "तुला कुठली बरी वाटली?"

"मला कसंही चालतं," ती म्हणाली. हे वाक्य तिने इतक्या वर्षांत इतक्या वेळा म्हटलं होतं की आता ते आपोआप बाहेर पडायचं. मग मात्र तिला राहवलं नाही. "आई, पाय मावतोय तुमचा. सगळ्यांना दिसतंय. अजून काय हवंय तुम्हाला?"

तिचा आवाज चढला नव्हता. चढवायला अंगात जोरच नव्हता.

सासूबाईंनी तिच्याकडे पाहिलं. दोरी बोटाला गुंडाळली. "ती कोपऱ्यातली दाखवा," त्या गाडीवाल्याला म्हणाल्या.

कोपऱ्यातली गाडी करड्या रंगाची होती आणि तिच्या एका दाराचा रंग बाकीच्यांशी जुळत नव्हता. मुलाचं तोंड पडलं. पुढची सीट पार मागे गेली. सासूबाई आत चढल्या, दोरी ताणली. गाठीच्या पुढेही चार बोटं जागा उरली.

"हीच," त्या म्हणाल्या.

इंजिन ऐकून झालं, चाकं पाहून झाली, सह्या झाल्या, किल्ली हातात आली. सगळं आटपेपर्यंत संध्याकाळ झाली. सुनेने मागचं दार उघडून धरलं. सासूबाई तिला वळसा घालून पुढच्या दाराशी गेल्या आणि तो न वाकणारा पाय लांब करून पुढच्या सीटवर बसल्या.

"आई, तुझी जागा मागे," मुलगा म्हणाला.

"मागे मला मळमळतं. बसमध्ये काय हौस म्हणून पुढे बसते मी?" मग सुनेकडे न बघताच म्हणाल्या, "तू बस गं मागे."

सून बसली. बसतानाच तिने सवयीने गुडघे आवळून घेतले होते. मग तिच्या लक्षात आलं की ते कशालाच लागत नाहीयेत. तिने पाय थोडे पुढे केले. आणखी थोडे केले. पुढून एक हात मागे आला. त्यात दोरी होती.

तिने दोरीचं टोक सीटच्या पाठीला लावलं आणि दोरी मांडीवरून पुढे ओढली. गाठ बरोबर तिच्या गुडघ्याच्या वाटीवर येऊन थांबली. खुर्चीत बसवून घेतलेलं माप होतं ते. तिला स्वतःचीच लाज वाटली.

"एकदा सांगायचं तरी, आई."

"सांगितलं असतं तर म्हणाली असतीस, मला कसंही चालतं." मुलाने गाडी सुरू केली. सासूबाई समोरच्या काचेतून रस्त्याकडे बघत होत्या. "ओटा बांधला तेव्हा तू घरात नव्हतीस, तो माझ्या मापाचा झाला. गाडी तरी तुझ्या मापाची घ्यावी म्हटलं."