शरतची बाटली

मृदुला औषधाच्या बाटल्या परत न्यायला आली होती. निदान चामराजपुरमच्या त्या घराच्या दारात उभं राहून तिनं तसं सांगितलं. शरतचं बारावं नुकतंच होऊन गेलं होतं. भवानीबाईंनी तिला आत बसवलं आणि कॉफी पुढे केली. पोटचा पोर गेला तरी या बाईचं आदरातिथ्य काही सुटलं नव्हतं.

भवानीबाईंच्या दोन्ही मुलांना, थोरल्या शरतला आणि धाकट्या गगनला, आतड्याचं एकच दुखणं. आतून जखमा, रक्त, अन्न म्हणून टिकेना. मृदुलाच्या संशोधनातलं औषध भांगेच्या झाडातून काढलेलं, पण नशा न आणणारं. दोघा भावांना चाचणीत तिनंच घेतलं होतं. अशा चाचणीत काहींना खरं औषध मिळतं, काहींना नुसतं तेल, आणि कुणाला काय हे संपेपर्यंत कुणालाच सांगत नाहीत. आता चाचणी संपली होती. औषध शरतला होतं, गगनला तेल. आणि तरी दोघांच्याही रक्तात औषध सापडलं होतं, दोघांच्याही निम्मंच.

"अम्मा, थेंब कसे देत होतात?" तिनं विचारलं.

लपवाछपवी भवानीबाईंच्या स्वभावातच नव्हती. बाटल्या आल्या की दोन्ही एका भांड्यात ओतायच्या, ढवळायच्या आणि पुन्हा सारख्या भरून ठेवायच्या, बस. या घरात एक लाडू आला तरी तो फोडून दोघांच्या हातावर पडायचा. मग औषधात दुजाभाव कसा करायचा?

"एकाला खरं नि एकाला तेल, हे आईनं कसं करायचं, सांग? दोघांना सारखं दिलं. कुणावर अन्याय नाही केला, अल्वा?" त्यांच्या कानडी 'अल्वा'त 'हो ना?' असा होकार मागणं होतं.

पूर्ण मात्रा मिळालेले बरेच जण सावरले होते. निम्म्यावर शरत गेला, आणि गगन आतल्या खोलीत कण्हत पडला होता.

भवानीबाईंनी देव्हाऱ्यातून शेवटच्या दोन बाटल्या आणल्या, सील न फोडलेल्या. शरतच्या नावाची मृदुलाच्या हातात दिली. गेलेल्याचं औषध घरात ठेवू नये म्हणाल्या. दुसरी मात्र त्यांनी पदराखाली धरली. ही परत मागू नकोस, आता वाटून घ्यायला कुणी उरलं नाही, ही सगळीच्या सगळी गगनला देणार.

खरं सांगावं तर ही बाई जन्मभर जळणार. न सांगावं तर पोरगा तेल पीत राहणार. एकाचं औषध दुसऱ्याला न देण्याचा नियम गेला खड्ड्यात. मृदुलानं हातातली बाटली पुढे केली.

"अम्मा, गगनला ही द्या."

"शरतची? अय्यो, नको ग. गेलेल्याचं जित्याला..."

बोलता बोलता त्या थांबल्या. मृदुलाच्या तोंडाकडे बघत राहिल्या. मग पदराखालची बाटली त्यांनी खाली ठेवली, शरतची घेतली, सील फोडलं आणि चमच्यात थेंब पाडायला लागल्या. निम्मे थेंब जमिनीवर पडले. त्या रडल्या नाहीत. रडायला बसल्या असत्या तर पुन्हा उठल्या नसत्या.

गगन आतल्या खोलीच्या दाराची चौकट धरून उभा होता. त्यानं सगळं ऐकलं होतं.

भवानीबाईंनी चमचा त्याच्या ओठांपाशी नेला. त्यानं तोंड बाजूला केलं.

"म्हणजे इतके दिवस मी दादाचंच पीत होतो, अल्वा?"