अ‍ॅम्प नसला तरी

"परत एकदा वाजव," शिवांगी म्हणाली. "तोच तुकडो."

विराजने पायाजवळची वायर बदलली आणि तोच तुकडा पुन्हा वाजवला. म्हापशाच्या वाद्यांच्या दुकानात सकाळपासून आवाजाचा पोत बदलणारी दोन पेडल त्याच्यासमोर होती. पहिल्याने बेस गिटारचा आवाज दाट, खरखरीत, छातीत घुमणारा व्हायचा. पण त्याच्या मागे आवाज वाढवणारा मोठा अ‍ॅम्प हवाच. दुसऱ्याचा आवाज थोडा कोरडा. मात्र त्यातून निघालेली वायर सरळ मिक्सरला जोडायची, की झालं. रेकॉर्डिंग असो नाहीतर कार्यक्रम, अ‍ॅम्पची गरज नाही.

विराजचं मन पहिल्यावर बसलं होतं.

"ह्या घे," शिवांगीने दुसऱ्याकडे बोट दाखवलं. "ह्या खंयय सारख्याच वाजता. अ‍ॅम्प नसलो तरी."

"पयल्यात जीव आसा गो."

"जीव तुझ्या बोटांत आसा," ती म्हणाली.

असं काही ती त्याच्याशी फार दिवसांत बोलली नव्हती. त्याने दुसरं घेतलं.

मालवणात चौघांचा बँड होता. शिवांगी गायची, तिचा नवरा विराज बेसवर, मंगेश गिटारवर, आणि ड्रमवर दीपेश. कार्यक्रम दीपेशच ठरवायचा. लग्नसराईत आणि सुट्ट्यांच्या दिवसांत देवबागच्या रिसॉर्टवर त्यांना बरी मागणी असे. विराजचा अ‍ॅम्प तिथेच ठेवलेला असे. नवराबायकोत मात्र बोलणं उरलं होतं ते कुठलं गाणं कशानंतर घ्यायचं एवढंच. कणकवलीच्या एका लग्नात शिवांगीचा सूर हलला, तेव्हा विराजने वाजवणं थांबवून माइकवरूनच तिला सुनावलं होतं. मांडवातली माणसं हसली. तिने गाणं पुरं केलं. घरी आल्यावर ती काहीच बोलली नाही, म्हणून विषय संपला असं तो धरून चालला.

आणि आता ती स्वतःहून त्याच्याबरोबर गोव्यात आली होती, डोळे मिटून बेस ऐकत होती. परतताना बांद्याला तिच्या आईकडे चहा झाला. विराजने सासूलाही पेडल दाखवलं. सासू म्हणाली, "बरा आसा," आणि लेकीकडे बघत राहिली.

पुढच्याच आठवड्यात कुडाळला बेसचं रेकॉर्डिंग होतं. विराजला वाटलं होतं, एकच गाणं करायचं आहे.

"सगळीच भरून टाक," शिवांगी म्हणाली. "पेडल नवा आसा, हात बसलोहा. मगे आमका अल्बम करूक बरा."

प्रत्येक गाण्याला ती हेडफोन लावून समोर बसली. कुठे जरा बोट अडखळलं की म्हणे, "आणखी एकदा." त्याने कुरकुर केली नाही. आपलं वाजवणं कुणी इतकं कान देऊन ऐकतंय, याचंच त्याला अप्रूप होतं. संध्याकाळी बाहेर पडताना त्याची बोटं सुजली होती, आणि तो शीळ घालत होता.

शनिवारी दुपारी तो बाजारातल्या मोबाइलच्या दुकानात कामावर असताना तिचा फोन आला.

"देवबागचो कार्यक्रम रद्द झालो. मी आईकडे बांद्याक जातंय."

"बरा. मी आज आपलो अ‍ॅम्प घेऊन येतंय थंयसून. आता कित्याक होयो?"

"आज नको जाव. फुडे बगूया."

पण संध्याकाळ मोकळीच होती. दुकानातून सुटल्यावर विराजने रिक्षा केली आणि देवबागला गेला.

रिसॉर्टच्या फाटकापाशी रिक्षा थांबली तेव्हा आतून बेस ऐकू आला. कोण वाजवतंय? चांगलं वाजवतंय. जरा कोरडं, पण ठाम. सुरूच्या झाडांमधून पुढे जाताजाता त्याने तो बेस ओळखला. ते त्याचंच वाजवणं होतं.

स्टेजवर तिघंच होती. शिवांगी गात होती. दीपेशच्या ड्रमशेजारी लॅपटॉप उघडा होता, बेस त्यातूनच येत होता. शिवांगीने विराजला पाहिलं. तिचा एकही शब्द चुकला नाही.

मध्यंतर होताच विराजने स्टेजमागे जाऊन दीपेशची कॉलर धरली.

"माका काढूचा होता, तर तोंडार सांगूचा होता! माझ्याच हातान माझो बेस भरून घेतलास?"

"काढलो? कोणी?" दीपेश गोंधळला. "तूच सोडलंस मरे!"

"मी?"

"शिवांगीन सांगल्यान. तुका आता वाजवचा नाय, म्हणान जाता जाता सगळी गाणी भरून दिलंस. मी तुका फोन करी होतंय, तर म्हणाली, करू नको, त्याका तरास होतलो."

विराजने वळून पाहिलं. शिवांगी पाठमोरी उभी राहून पाणी पीत होती.

दीपेशने कॉलरवरचा त्याचा हात अलगद सोडवला आणि आवाज खाली आणला.

"विराज, दुपारी तिचा सगळा सामान मीच टेम्पोत घालून बांद्याक सोडून इलंय. माका वाटला, तुका ठावक आसा."