सोफ्याचा डावा हात

बापाने सोफ्याच्या डाव्या हातावर पेन्सिलीने रेघ ओढली आणि करवत उचलली.

"तिचं जेवण होऊ द्या आधी," आई स्वयंपाकघरातून म्हणाली. "आवाजाने बिथरली तर आज एक घासही पोटात जायचा नाही."

बापाने करवत खाली ठेवली. तो सुतार होता. हा सोफा त्याने लग्नानंतर स्वतः बनवला होता आणि त्याच्या लाकडी हातांची गोलाई शेजाऱ्यांना बोलावून बोलावून दाखवली होती. त्या हाताने कुणाचं घोडं मारलं नव्हतं. पण त्यांची आठ वर्षांची मुलगी उठता-बसता जाऊन त्याच्यावर पालथी पडायची, डोकं एकीकडे, पाय दुसरीकडे, आणि उठवायला गेलं की घर डोक्यावर घ्यायची. मांजरीसारखी पडते म्हणून तिला सगळे मनी म्हणू लागले. नाव ठेवलं तेव्हा घरात सगळे हसले होते. आता हसायला कुणात त्राण उरलं नव्हतं.

मनीला ऑटिझम होता आणि ती बोलत नव्हती. ती बोलत नसल्यामुळे तिच्या वाटचं बाकीचेच बोलायचे. पोट सुधारलं की मुलं शांत होतात, असं आत्याने कुठल्याशा व्हिडिओत पाहिलं आणि आहारवाल्या ताईंचा नंबर पाठवला. ताईंनी आधी गहू बंद केला, मग दूध. मनीला आवडणाऱ्या गोष्टी मुळातच मोजक्या, त्यातला भात तेवढा राहिला. थेरपीच्या बाईंचं वेगळंच. सोफ्यावर पालथं पडणं ही वाईट सवय आहे, त्या म्हणाल्या, सरळ बसली की एक मनुका द्या. मनुकांनी काम केलं. मनी पाठ ताठ करून, मुठी आवळून बसू लागली आणि आईने आत्याला फोन करून आनंदाने सांगितलं. मग ताईंनी मनुकाही बंद केल्या. मनुकांनी म्हणे पोट फुगतं. मनुका गेल्या आणि मनी पुन्हा सोफ्याच्या हातावर.

"मग तो हातच काढून टाका ना," बाई म्हणाल्या.

मधल्या काळात डॉक्टरही करून झाले होते. "पोटात दुखतं असं सांगते का?" त्यांनी विचारलं होतं. "ती काहीच सांगत नाही हो," आई म्हणाली होती. डॉक्टरांनी मान डोलावली आणि पुढच्या पेशंटला आत बोलावलं.

आज ताईंची नवी पावडर भातात कालवलेली होती. मनीने जेमतेम थोडं खाल्लं, वाटी ढकलली आणि सोफ्याकडे निघाली. बापाने तिला मधेच अडवून खुर्चीत बसवलं. उरलेला भात आईने संपवला. टाकवत नव्हता. ती रोज अशीच जेवायची, उभ्याउभ्याने, मनीचं उरलेलं. स्वतःसाठी ताट वाढून घेतल्याला किती काळ लोटला ते तिला सांगता आलं नसतं. झोपून उठलं तरी जात नाही असला थकवा तिच्या अंगात मुरला होता.

भांडी घासता घासता पोटात कळ आली. आधी बारीक, मग अशी की हातातली वाटी निसटली. ओट्याची कड धरून ती वाकली. नवऱ्याला हाक मारायलाही श्वास पुरेना.

मनी दारात येऊन उभी होती. ती कधीच कुणाच्या तोंडाकडे बघायची नाही. आताही तिची नजर आईच्या पोटावर होती. ती जवळ आली आणि तिने आईचं मनगट धरलं. आपणहून ती कुणाला हात लावत नसे, त्यामुळे आई निमूटपणे तिच्यामागे गेली. मनीने तिला ओढत बाहेरच्या खोलीत आणलं, सोफ्यापाशी उभं केलं आणि दोन्ही हातांनी तिची पाठ खाली दाबली.

"काय चाललंय दोघींचं?" बापाने विचारलं.

आई सोफ्याच्या हातावर पालथी पडली. लाकडाची गोलाई बरोबर बेंबीखाली बसली. मनीचे लहान तळवे वरून दाबत राहिले आणि कळ हळूहळू सैल होत गेली. फार बरं वाटलं तिला. तेवढ्यात तिला मनुकेसाठी ताठ बसलेल्या मनीच्या त्या आवळलेल्या मुठी आठवल्या, आणि ती तशीच पडल्यापडल्या रडायला लागली.

बाप घाबरला. "फार दुखतंय का? ऊठ, गोळी देतो."

"माझं थांबलं," आई म्हणाली. "तिचं बघा."

तो मनीकडे बघत राहिला. मग सोफ्यापाशी खाली बसला आणि अंगठ्याने पेन्सिलीची रेघ पुसू लागला. रेघ केव्हाच गेली, तरी तो पुसत होता.

आई उठली तशी मनी तिच्या जागी पालथी पडली. आईने तिच्या पाठीवर तळवे टेकवले आणि मघाशी मनीने दाबलं होतं तसं दाबलं. मनी ओरडली नाही.

"उद्या परत डॉक्टरांकडे नेऊ," बाप म्हणाला. "पण त्यांनी पुन्हा तेच विचारलं तर? दुखतं असं सांगते का म्हणून?"

"हो म्हणायचं," आई म्हणाली. "रोज सांगते."