बांगड्यांचा होकार

"हा जास्वंदीचा. रक्त साफ करते," म्हणत प्रभाकररावांनी बशीतला चहा फुर्रकन ओढला. "सकाळी अद्रकाचा, पचनाले. दुपारी गवती, घाम काढाले. सांजच्याले तुळशीचा, छातीले. डॉक्टरचं तोंड पाहाचं कामच नाई."

त्यांच्या मिशीला लाल थेंब लटकला होता. तो मेला पडतही नव्हता. किसनरावांनी नजर आपल्या कपात वळवली, तर तिथे जास्वंदीची पाकळी बुळबुळीत होऊन तरंगत होती. व्याह्याच्या ओसरीवर बसून नको कसं म्हणायचं? डोळे मिटून त्यांनी घोट गिळला.

ते आर्वीहून आले होते ते लेकीसाठी. अन्नपूर्णाचा ताप उतरत नाही, असा निरोप होता. जावई पुलगावच्या डेपोत कामाला, तो सुटीशिवाय घरी यायचा नाही. दवाखानाही पुलगावलाच, म्हणून गडी गोमाजी बैलांची दमणी जुंपून अंगणात उभा होता. ते आल्याबरोबर लेक बापाच्या पाया पडून आत गेली, पण सासऱ्यासमोर म्हणून पदर हनुवटीपर्यंत ओढलेला. बापाला तिचं तोंडही दिसलं नव्हतं.

"मंग नेऊ का पोरीले?" किसनरावांनी भीत भीत विचारलं. "दवाखान्यात दाखवून आनतो."

"आपून कोन सांगनारे? तिलेच इचारू ना." प्रभाकरराव दाराकडे वळले.

सून सासऱ्याशी बोलत नसे. ते ओसरीवरून विचारत, ती दाराआड उभी राही. हो असलं तर बांगड्या वाजवायच्या, नाही असलं तर चूप राहायचं. लग्न होऊन आल्यापासून ती चूप अशी कधी राहिलीच नव्हती. एवढी गुणाची सून सगळ्या गावात नाही, असं प्रभाकरराव ज्याला त्याला सांगत.

"सूनबाई, कालच्यापरीस बरं वाटते ना?"

दाराआड बांगड्या किणकिणल्या.

"चहानं गुन आला ना?"

बांगड्या पुन्हा वाजल्या, जरा जास्तच.

"आइकलं?" प्रभाकररावांनी मांडीवर थाप मारली. किसनरावांना हायसं वाटलं. लेक स्वतःच बरं आहे म्हणते म्हटल्यावर काय बोलायचं? कप खाली ठेवून ते उठले आणि पायताण शोधू लागले.

आत चुलीपाशी सासू यशोदाबाई बसल्या होत्या. पातेल्यात तुळस उकळत होती, आणि त्यांनी नाकाला पदर लावला होता. हिरवं पाणी, लाल पाणी, काळं पाणी. नवऱ्याने सुनेला जे जे पाजलं, ते ते पोरीने ओकून टाकलं होतं आणि यशोदाबाईंनी पोतेऱ्याने पुसलं होतं. हिवतापवाले फवारा मारायला आले, तर या माणसाने त्यांना अंगणातूनच परतवून लावलं. ते तापावरच्या कोयनेलच्या गोळ्या देऊन गेले, तर जहर आहे म्हणून त्याही नालीत टाकल्या!

त्यांनी वर पाहिलं. अन्नपूर्णा दाराच्या चौकटीला टेकून उभी होती. ओसरीवर आता कोणी काही विचारत नव्हतं. तरी बांगड्या वाजतच होत्या.

यशोदाबाई ताडकन उठल्या. सुनेचा हात धरून त्यांनी तिला सरळ ओसरीवर आणलं आणि तो हात दोन्ही पुरुषांच्या नाकासमोर धरला. हात थडथड उडत होता.

"घ्या, आइका! आता कोनं काय इचारलं हिले? कायचं हो म्हनून राह्यली ही?"

प्रभाकरराव गडबडले, पण क्षणभरच. "अवो, थंडी भाईर निघून राह्यली. गुनच आहे हा. एक कप तुळशीचा जाऊ दे पोटात, मंग..."

"थू तुमच्या चहावर! किळस येते मले तुमची." यशोदाबाईंचा आवाज अंगणापार गेला. "अन् व्याहीबुवा, तुमीबी तसेच. पोटची पोर तुमची. पदर वर करून पाहावं नाई वाटलं? पाकळ्या चाटत बसले!"

किसनरावांनी मान खाली घातली. मग पुढे होऊन त्यांनी लेकीचा पदर बाजूला केला. डोळे खोल गेलेले, ओठ फुटलेले, हनुवटीवर हिरवट ओघळ वाळलेला. "माय माय!" एवढंच त्यांच्या तोंडून निघालं. तिला त्यांनी उचलूनच दमणीत नेलं. यशोदाबाईंनी आतून वाकळ आणून तिच्या अंगावर टाकली आणि येताना तुळशीचं पातेलं नालीत पालथं केलं.

सगळ्या गावासमोर आपली शोभा झाली, हे प्रभाकररावांना सहन होईना. ते दमणीमागे आले. मिशीतला थेंब अजून तसाच होता.

"थांब, गोमाजी. सूनबाई, तूच सांग आता सगळ्याइसमोर. माह्या चहानं तुले बरं वाटलं का नाई?"

गोमाजीने कासरा आवरला. शेजारच्या बाया कुडाला येऊन उभ्या राहिल्या. अन्नपूर्णा वाकळीत नुसती थरथरत होती, दमणीची खालची लाकडी साटीही तिच्यासोबत हलत होती.

तिने उजव्या हाताने डाव्या हातातल्या बांगड्या धरल्या. मग तशीच दोन्ही मनगटं छातीशी घट्ट आवळून घेतली. एकही बांगडी वाजली नाही.