इन्स्पेक्टरची एंट्री

पत्र्याचं खोटं पिस्तूल. पेटीचा दबका सूर. चहात पोहणारी माशी. कुलदीपचे पांढरे बूट. एक कुबडी, नवी कोरी, वरचं प्लास्टिकही निघालेलं नाही.

कुबडी कुलदीपसाठी होती. वडशाला, पूर्व विदर्भाच्या झाडीपट्टीतली नाटक मंडळं जिथं तळ ठोकतात तिथं, दुपारची तालीम चालू होती. या हंगामाच्या नाटकात हीरो लंगडा होता. हीरोचं काम करणाऱ्या कुलदीपचे दोन्ही पाय धडधाकट. ज्याचा डावा पाय लहानपणीच पोलिओनं वाळला तो राजदीप, तीन हंगाम झाले, पडद्याआड बसून प्रॉम्प्टिंग करत होता. प्रत्येक संवाद आधी तो बोलायचा, मग रंगमंचावरचे बोलायचे. टाळ्या त्यांना.

“राजदीप, याले जरा लंगडून दाखव,” मालक धनराजभाऊ म्हणाले. “हा बदकावानी चालते.”

सगळे हसले. राजदीपची कानशिलं तापली.

“हे काम मले काऊन नाई, भाऊ?”

“बाबू, समजून घे. लोक हीरो पाहाले येतेत. तुले पाहून कीवच करतीन.”

“मंग इन्स्पेक्टर द्या.”

पेटीवाले रामाजी खदाखदा हसले. “लंगडा इन्स्पेक्टर! हा पोचते तवरी चोर गडचिरोलीले जाऊन, जेवून वापस बी येते!”

“धडधाकट माणसाले लोक लंगडा मानतेत,” राजदीप ओरडला, “मंग मले इन्स्पेक्टर काऊन नाई मानत?”

त्यानं पिस्तूल उचललं आणि हॉलच्या पार टोकाला जाऊन उभा राहिला. प्रवेश असा, की इन्स्पेक्टर धावत येतो, हीरोला पकडतो.

राजदीप धावला नाही. पाय लपवलाही नाही. पिस्तूल रोखून तो फरशीवर पाय घासत, ओढत, सावकाश निघाला. रामाजींना पुन्हा हसू फुटलं.

“हसून घ्या, रामाजी,” तो मान न वळवता म्हणाला. “मी येऊन राह्यलो.”

हे वाक्य नाटकात नव्हतं. पेटी थांबली. फरशीवर पायाचा तेवढा आवाज. त्याला जितका वेळ लागत होता, तितकं कुलदीपच्या तोंडचं पाणी पळत होतं. कुबडी त्याच्या हातून सुटली. तो मागं सरकला, चांगला दोन्ही पायांवर, पाठीला भिंत लागेपर्यंत.

धनराजभाऊंनी चहा खाली ठेवला. “उद्यापासून प्रॉम्प्टर दुसरा पाहा रे,” ते म्हणाले, आणि टाळी वाजवायला हात उचलले.

पण पिस्तूल खाली आलं नव्हतं. ते आता धनराजभाऊंकडं वळलं होतं.

तीन वर्षांपूर्वी फोनवर आवाज ऐकून त्यांनी राजदीपला हीरोच्याच कामासाठी बोलावलं होतं. मग तो एसटीतून उतरून त्यांच्यासमोर चालत आला.