रुपेरी पानं

"प्लमला थंडीत करवत लावू नकोस गं पोरी," शेजारचा विल्फ एअरी कुंपणापलीकडून म्हणाला होता. "त्याची जखम उन्हाळ्यातच भरते. जूनपर्यंत थांब."

ब्रायनी हसली होती. खालच्या फांद्या बाळाच्या डोळ्यांशी आलेल्या, बाळ नुकतं पावलं टाकायला लागलेलं. जूनपर्यंत कोण थांबणार? सफरचंदाची झाडं तर सगळे जानेवारीतच छाटतात. तिने प्लमही छाटला.

त्या उन्हाळ्यात पानं रुपेरी झाली. छान दिसतात म्हणून तिने फोटो काढले. पुढच्या वर्षी झाड वठलं, खोडावर जांभळट बुरशी चढली. त्याच हिवाळ्यात वादळाने विल्फच्या डॅमसनच्या, म्हणजे छोट्या आंबट प्लमच्या, फांद्या मोडल्या, आणि वाऱ्यावर आलेली बुरशी त्या जखमांत शिरली.

आता त्याच्याही झाडांची पानं चकाकत होती.

विल्फने अंगठ्याएवढी जाड फांदी कापली. कापलेल्या टोकाला थुंकी लावून चोळलं. आत तपकिरी डाग, बुरशी लाकडात उतरल्याची खूण. दुसऱ्या झाडाची कापली. डाग. ब्रायनी पोराला कडेवर घेऊन मागे मागे चालत होती. बावीसही झाडं त्याने अशीच तपासली.

"सगळीच?" तिने विचारलं.

"सगळीच. आमच्या लग्नात नेलीनं माहेरच्या कुंपणातले फुटवे आणले होते. लोक भांडी आणतात, हिनं काटक्या आणल्या." तो किंचित हसला. "तिच्या हातचं एवढंच उरलं होतं."

"मी नवी रोपं आणून देते, विल्फकाका."

"आण की. दहा-पंधरा वर्षांत धरतील फळ. मी आहेच नव्वदीचा तरणाबांड."

"काका, माझ्यामुळेच हे..."

"पोराला आत ने. मी ही सगळी तोडून पेटवणार आहे, धूर लागेल त्याला."

तीन दिवस धूर खोऱ्यावर रेंगाळत राहिला. चौथ्या दिवशी विझला. त्यानंतर विल्फ बाहेर दिसला नाही.

आता ब्रायनी फाटकाशी उभी आहे. तुम्ही त्या रस्त्याने आलात, तर ती तुम्हालाही थांबवेल.

"जरा त्या पांढऱ्या घराचं दार वाजवून बघता का? म्हातारे एकटेच असतात. मी वाजवलं तर उघडत नाहीत. काल निदान पडदा तरी हलला होता."