दक्षिणेकडचं औक्षण

सईच्या वाढदिवशी मंजिरी यंदाही तबक घेऊन स्टेमसेल बँकेत आली. सई पाचव्या वर्षी अपघातात गेली, पण जन्मावेळी जपलेलं तिच्या नाळेतलं रक्त इथल्या टाकीत गोठवलेलं होतं. आत ज्योत चालत नाही, म्हणून मंजिरी दरवर्षी पायरीवरूनच टाकीच्या दिशेने ओवाळायची.

यंदा टाकीत सईचं काहीच नव्हतं. मार्चमध्ये ते रक्त एका आजारी लेकराशी जुळलं आणि मंजिरीनेच संमतीपत्रावर सही केली.

"लेकरू बरं आहे का?" तिने समुपदेशक तेजलला विचारलं.

"हो, ताई. त्याच्या अंगात आता सईच्याच पेशी रक्त तयार करतायत."

"कुठलं आहे ते?"

"नाव-गाव सांगायला नियमाने बंदी आहे."

"मग निदान दिशा सांग. कुणीकडे तोंड करून ओवाळू?"

तेजलने मागच्या काचेच्या दाराकडे एक नजर टाकली आणि मंजिरीचा दंड धरून तिला दक्षिणेकडे वळवलं.

मंजिरी क्षणभर थबकली. दक्षिणेकडे दिवा लावतात तो गेलेल्यांसाठी. मग तिने वाऱ्यापासून ज्योत तळहाताने राखली, आणि सई गेल्यापासून ओवाळताना गिळलेले शब्द मोठ्याने म्हणाली, "औक्षवंत हो."